स्ट्रॉबेरी नको, तांबेरा दाखव!

‘दोन दिवस महाबळेश्वरला होतीस आणि एकही पॉइंट पाहिला नाहीस?’ मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नाही पाहिला, बॉस! सनसेट नाही, घोड्यावर बसून फोटो नाही, भाजलेलं कणीस नाही. (कणीस खाल्लं. खोटं कशाला बोला?) दोन दिवस मी फक्त पानं उलटी करून पाहत होते. रस्त्याकडेची, बांधावरची, देवळामागची. पानाच्या मागच्या बाजूला काय असतं, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता. आता मात्र तो पाठ सोडत नाही. परवा एका ऑफिसच्या रिसेप्शनमधल्या कुंडीतलं पान मी उलटं केलं, तेव्हा तिथला सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. माझी स्कूटी चाफ्याखाली उभी असते. सप्टेंबरात एक दिवस सीटवर पिवळी-केशरी पूड पडलेली दिसली. कुणीतरी हळद सांडली असेल म्हणून झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मान वर करून पाहिलं, तर चाफ्याच्या प्रत्येक पानाच्या पाठीवर बारीक केशरी पुटकुळ्या. बोट फिरवलं, तर बोट रंगलं. फोटो काढला आणि ताईला पाठवला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, एका कॉलेजात बॉटनी शिकवते. तिचं उत्तर दोन शब्दांचं होतं : ‘तांबेरा. अभिनंदन.’

मी पान घेऊन घरात आले आणि जोरात म्हणाले, ‘बाबा, आपल्या चाफ्यावर तांबेरा आलाय!’ बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, ‘ते पान आधी बाहेर टाक. आणि हात धू.’ रिटायर्ड बँकवाला माणूस, एरवी झुरळालासुद्धा घाबरत नाही.

त्याची गोष्ट मला अर्धवट माहीत होती. आमचं गाव वाईजवळ, कृष्णेच्या खोऱ्यातलं. बाबा सातवीत असताना आजोबांनी सगळ्या वावरात बन्सी गहू केला होता. कर्ज काढून. जानेवारीत चार-पाच दिवस ढगाळ गेले, पाठोपाठ धुकं आलं आणि पंधरा दिवसांत शेत तांबडं झालं. आजोबा पिकातून चालत बांधावर आले, तेव्हा त्यांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत विटकरी झालं होतं. हे एवढं बाबा सांगतात. गहू निघाला तो जिऱ्यासारखा, बारीक आणि सुरकुतलेला. आत्याचं लग्न पुढं गेलं, थोरल्या काकांचं कॉलेज सुटलं आणि ते मुंबईला गिरणीत लागले. पुढं जमीन विकली. आमच्या घरात ‘तांबेरा’ हा शब्द शिवीसारखा वापरतात, तो तेव्हापासून.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताई म्हणाली, ‘चल, महाबळेश्वरला तांबेरे शोधायला जाऊ,’ तेव्हा मी घरी फक्त ‘महाबळेश्वर’ एवढंच सांगितलं.

थोडा बेसिक फंडा क्लिअर करू या. तांबेरा ही बुरशी आहे. लोखंडाच्या गंजाशी तिचं नातं फक्त रंगाचं, आणि इंग्रजीतही तिला ‘रस्ट’च म्हणतात. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकांत ‘गेरवा’ हा शब्द सापडतो. जगात तिच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत. पावावर किंवा लोणच्यावर येणाऱ्या बुरशीसारखी ही कशावरही वाढत नाही. हिला झाड लागतं आणि तेही जिवंत. झाडाच्या पेशींत मुळासारखे तंतू घुसवून ती बसल्या जागी जेवते. झाडाला ती पटकन मारतही नाही, कारण झाड मेलं तर हिचाही डबा बंद. आपल्याला दिसते ती पूड म्हणजे तिचे बीजाणू. ते वाऱ्यावर स्वार होतात आणि पुढचं पान शोधतात.

वाईला ताईच्या गाडीत बसले. पसरणी घाटाच्या अलीकडेच तिनं करकचून ब्रेक मारला. रस्त्याकडेला सागाची आठ-दहा झाडं होती. ‘उतर. पहिली परीक्षा.’

सागाचं पान आपल्या ताटाएवढं असतं. वरून पाहिलं तर करडे-तपकिरी ठिपके, ‘पान म्हातारं झालंय’ म्हणून कुणीही सोडून देईल. उलटं केलं... आणि अक्षरशः हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातली हळद! ताईनं पांढरा रुमाल दिला. पुसून बघायचं. पूड निघाली आणि रुमालावर केशरी पट्टा उमटला, तर तांबेऱ्याचा संशय पक्का. नुसता डाग असेल तर तो पुसला जात नाही. मी शाळेतली हुशारी दाखवली. ‘सागाचं कोवळं पान चोळलं तरी हात लाल होतो, मग?’ ताई खूश झाली. तो लाल रंग पानाच्या रसाचा. त्यासाठी पान चुरगाळावं लागतं. तांबेरा वर बसलेला असतो, हलक्या हातानं पुसला तरी येतो.

मग तिनं भिंग दिलं. दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसं. ते डोळ्याला चिकटवायचं आणि पान भिंगाजवळ आणायचं. (मी आधी उलटं करत होते आणि काहीच दिसत नव्हतं. तुम्हीही तेच कराल.) दिसलं ते असं : पानाची कातडी आतून फाटून वर आलीय आणि त्या फटीतून दाणे सांडताहेत. पावडर कुणी वरून टाकलेली नाही, ती आतून आलीय. हे कळलं तेव्हा मला थोडं शहारल्यासारखं झालं.

‘याचं नाव?’ मी विचारलं. ‘तू सांग. झाड कोणतं?’ ‘साग.’ ‘मग झालं की. सागावरचा तांबेरा म्हणजे ऑलिव्हिया टेक्टोनी.’

तांबेरा ओळखण्यातली सगळी मेख इथे आहे. आधी झाड ओळखायचं. बहुतेक तांबेरे झाडाच्या बाबतीत इतके चोखंदळ असतात की, झाडाचं नाव कळलं की शोध दोन-चार नावांवर येतो. सागाचा तांबेरा चाफ्यावर जात नाही, चाफ्याचा बोरीवर जात नाही. चाफ्यावरचा कोलिओस्पोरियम प्लुमेरी, बोरीच्या पानामागे असतो तो फॅकोप्सोरा. आणि यांचे प्रवास ऐका! चाफा मूळचा अमेरिकेकडचा, त्याचा तांबेराही तिकडचाच, त्याच्या मागोमाग जगभर फिरत आपल्या पार्किंगमध्ये पोचला. सागाचा तांबेरा मात्र आपल्या आशियातला. तो या शतकाच्या सुरुवातीला मध्य अमेरिकेतल्या सागाच्या लागवडीत जाऊन धडकला. एक्स्चेंज ऑफर!

घाट चढून वर गेल्यावर माझा कॉन्फिडन्स भलताच वाढला होता. पाचगणीच्या पुढे झाडी सुरू झाली आणि मला जिकडेतिकडे तांबेरा दिसायला लागला. एका झाडाचं अख्खं खोड केशरी! मी किंचाळलेच. फोटो काढले, अँगल बदलून काढले, ‘मेगा तांबेरा’ अशी कॅप्शन लिहून ग्रुपवर टाकलेसुद्धा. ताई गाडीला टेकून शांतपणे बघत होती. म्हणाली, ‘शेवाळ आहे ते.’ ट्रेंटेपोलिया नावाचं हे हिरव्या शेवाळांच्या कुळातलं, पण रंगानं केशरी. दमट हवेत खोडांवर, दगडांवर, भिंतींवर वाढतं. झाडाला त्याचा काही त्रास नाही. त्याचंच एक भावंड, सेफॅल्युरॉस, आंब्याच्या पानावर मखमली नारिंगी टिकल्या करतं आणि त्याला तर ‘लाल तांबेरा’च म्हणतात. पण ती मखमल बहुधा पानाच्या वरच्या बाजूला असते. माठाच्या पानामागे पांढऱ्या पुटकुळ्या येतात तो ‘पांढरा तांबेरा’. तोही खरा तांबेरा नाही, मुळात बुरशीच नाही. काही पानांवर तांबूस लव दिसते, ती अतिसूक्ष्म कोळ्यांची करामत. म्हणजे नावात तांबेरा असून तांबेरा नाही आणि तांबेरा असून दिसत नाही. ग्रुपवरचे फोटो मी गुपचूप डिलीट केले. एकीनं तोवर हार्ट टाकलं होतं.

महाबळेश्वरात शिरताना ताईनं एक पाटी दाखवली. ‘गहू गेरवा संशोधन केंद्र.’ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. इतक्या वर्षांत स्ट्रॉबेरीच्या नादात मला ती कधी दिसली नव्हती. महाबळेश्वरात गव्हाच्या रोगाचं केंद्र का? कारण इथली थंड, ओली हवा. तांबेरा बाटलीत भरून ठेवता येत नाही, त्याला जिवंत ठेवायचा तर त्याच्यासाठी गहू वाढवत राहावा लागतो. आपल्या शत्रूला जेवू घालायचं, तेव्हा कुठे नवा गहू त्याच्यापुढे टिकतो का ते पाहता येतं. आम्ही आत गेलो नाही, परवानगी वगैरे भानगड होती. पण पाटीपुढे मी जरा रेंगाळले. बाबा आठवले.

‘आजोबांच्या शेतात तो आला कुठून असेल गं?’ मी विचारलं. आणि ताई सुरू झाली.

युरोपातले शेतकरी शेकडो वर्षं म्हणत होते की, बांधावर बारबेरीचं झुडूप असलं की गहू बिघडतो. बारबेरी म्हणजे आपल्या दारुहळदीची बहीण. शिकलेले लोक हसायचे. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये तर १७२६ साली ही झुडपं तोडायला परवानगी देणारा कायदा झाला, तोही कुणाला कारण माहीत नसताना. १८६५ मध्ये आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं सिद्ध केलं की, शेतकरी बरोबर होते. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याची दोन घरं असतात. अर्धं आयुष्य गव्हावर, अर्धं बारबेरीवर. पाच प्रकारचे बीजाणू, प्रत्येकाचं काम वेगळं. यातल्या एकाचं काम काय, हे कळायला १९२७ साल उजाडलं. कॅनडात क्रेगी नावाच्या माणसाला दिसलं की, बारबेरीच्या पानावरचा गोड चिकट थेंब चाटायला माश्या येतात आणि या थेंबातून त्या थेंबात जाताना त्या बुरशीचं लग्न लावून देतात.

मग भारतातही दारुहळद तोडायची का? आग्र्याच्या डॉ. के. सी. मेहतांनी आयुष्यातली कित्येक वर्षं याच प्रश्नावर घालवली. डोंगर पालथे घातले, ठिकठिकाणी काचेच्या पट्ट्या लावून हवेतले बीजाणू पकडले. उत्तर निघालं, नाही. आपल्याकडे दारुहळदीचा यात हात नाही. सपाटीवरच्या उन्हाळ्यात तांबेरा भाजून मरतो, पण थंड डोंगरांवरच्या गव्हावर तग धरतो आणि हिवाळ्यात वाऱ्याबरोबर परत खाली उतरतो. पुढच्या संशोधकांनी तर रस्ताही शोधला. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झालं की, निलगिरीकडचे काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू ढगांबरोबर मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाच्या थेंबातून शेतात उतरतात. शेकडो किलोमीटर!

‘म्हणजे आभाळातून आला?’

‘बहुतेक आभाळातूनच,’ ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. देवळासमोर भाविकांची रांग, आम्ही मागच्या पायवाटेनं. थंडी कडक, झाडांवरून दव टपटपत होतं. ही झाडी मला नेहमी नुसती ‘हिरवी’ वाटायची. आता ताई नावं घेत होती, जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, आणि मी वहीत लिहीत होते, कारण झाड न ओळखता तांबेरा ओळखता येत नाही, हे सागापाशीच कळलं होतं. तासभर काही नाही. दोन कीड लागलेली पानं, एक नुसता डाग. बोअर व्हायला लागलं होतं, खरंच सांगते.

आणि मग झुडपावर चढलेल्या वेलीवर मला एक फूल दिसलं. केशरी, पिळवटलेलं, बोटभर. ‘ताई, हे कसलं फूल?’ तिनं पाहिलं आणि एकदम गप्प झाली. वेल कुसरीची होती, रानातला मोगराच तो. उन्हाळ्यात पांढऱ्याशुभ्र फुलांनी आणि वासानं रस्ता भरून टाकतो. डिसेंबरात कुसरीला फूल? आणि केशरी? जवळ गेले. ते फूल नव्हतंच. कोवळा शेंडा सुजून, वाकडा होऊन, त्याच्यावर केशरी पूट चढलं होतं. भिंगाखाली तर मधाच्या पोळ्यासारखे बारीक बारीक खळगे, आणि प्रत्येक खळग्यात केशर. खाली वाकून पाहिलं, तर त्याच वेलीवर असे सहा-सात शेंडे.

‘युरोमायसिस हॉब्सोनी,’ ताई हळूच म्हणाली. ‘आपल्या अजरेकर सरांचा.’ प्रा. एस. एल. अजरेकर हे आपल्याकडच्या बुरशीशास्त्राच्या पहिल्या पिढीतले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोगऱ्याच्या कुळातल्या या तांबेऱ्याचं जीवनचक्र तपासलं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा जो संग्रह आहे, त्याला त्यांचंच नाव आहे. मी त्या संस्थेवरून आठवड्यातून चारदा जाते. आत हे असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

आम्ही काही तोडलं नाही. हे राखीव जंगल आहे, नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी लागते. भिंग लावून फोटो काढले, पारदर्शक चिकटपट्टी पुटावर अलगद टेकवून उचलली. बस, एवढंच. रात्री लॉजच्या टेबलावर ताईनं तिचा छोटा मायक्रोस्कोप मांडला. रूमबॉय चहा घेऊन आला, त्यानंही डोळा लावला आणि म्हणाला, ‘साबुदाणाच की!’ चूक काही नाही. भिंगानं तांबेरा आहे हे कळतं, पण नक्की कोणता, हे बीजाणूच्या आकारावरून ठरतं. हंगामाच्या शेवटी तयार होणारा जाड सालीचा बीजाणू एका खणाचा असेल तर युरोमायसिस, दोन खणांचा, मध्ये कंबर असलेला असेल तर पक्सिनिया. बाभळीच्या भाऊबंदांवरच्या रॅव्हनेलियाचा तर बीजाणूंचा गुच्छच असतो, वरून पाहिलं तर बटणासारखा. यातलाच एक मारमाटीच्या काट्यांना सुजवतो आणि मराठवाड्यात लोक त्या केशरी गाठी चक्क खातात. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ‘एस्क्युलेंटा’ ठेवलंय, लॅटिनमध्ये ‘खाण्याजोगा’. बाबांना हे सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत जा. भिंग शाळेच्या प्रयोगशाळांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पांढरा रुमाल न्या. आईचा चांगला नको. आणि महाबळेश्वर जमत नसेल तर खाली पार्किंगमध्ये चाफा आहेच, कर्दळही बघा, तिच्या पानामागेही सापडतो.

परतताना वाईत चहाला थांबलो. शेजारच्या दुकानात बोर्ड होता, ‘अस्सल खपली गहू’. तोच, जो पुण्यातल्या ऑरगॅनिक दुकानांत आपण डबल-तिप्पट पैसे देऊन आणतो, डाएटवालीनं सांगितलं म्हणून. ताई म्हणाली, ‘हा तर तांबेऱ्याच्या जगातला हिरो आहे.’ अमेरिकेत स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञानं काळ्या तांबेऱ्याच्या उपजाती ओळखायला गव्हाचे बारा वाण निवडले होते. कुठला वाण बळी पडतो, कुठला टिकतो, त्यावरून तांबेरा ओळखायचा. जगभर वापरलेल्या त्या यादीत एक नाव होतं ‘खपली’. असंच, मराठीत. बाकीचे वाण तांबडे पडायचे, तिथे खपली बहुतेक वेळा टिकायची. ते तिच्या रक्तातच आहे. त्याच आघारकर संस्थेनं खपलीचा सुधारित वाणही काढलाय, एमएसीएस २९७१.

मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. सगळंच सांगून टाकलं. कुसर, निलगिरी, वादळ, खपली. मला वाटलं, चिडतील. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

‘बाबा?’

‘शेजारच्या वावरात खपली होती त्या वर्षी,’ ते म्हणाले. ‘बांधाला बांध. आमचं सगळं गेलं आणि त्यांचं एक पान तांबडं झालं नाही.’

‘हो, कारण खपली...’

‘तुझे आजोबा म्हणाले, त्यांनी करणी केली. गाव पण म्हणायला लागलं. तिसऱ्याच दिवशी भांडण झालं. बांधावरचं येणं-जाणं बंद. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, एका बाकावर बसायचो. मी बाक बदलला.’

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

‘तुम्ही वाईतच आहात ना अजून?’ बाबांनी विचारलं. ‘त्या दुकानातून काही घेऊ नका. गावात जा. देवळापासून तिसरं घर, अजून खपली करतात म्हणे. पाच किलो घे. आणि कुणाची म्हणून विचारलं, तर आजोबांचं नाव नको सांगू. माझं सांग.’

ताईनं चहाचे पैसे दिले आणि गाडी गावाकडे वळवली.